विजार घातलेली वायर

चादरीची दोन टोकं मास्तरांच्या हातात होती आणि दोन त्यांच्या बायकोच्या. पहिली घडी पडली होती. दुसरीसाठी दोघं एकमेकांकडे चालत निघाले होते, आणि नेमका त्याच वेळी माडीवरून लेकीचा आवाज आला, "बाबा, परत रखडलं."

मास्तर जिथल्या तिथे थांबले.

"आता घडी तरी पुरी करा," बायको म्हणाली. "दोन पावलं राहिलीत."

"आलोच," म्हणून मास्तरांनी आपल्याकडची टोकं तिच्या खांद्यावर टाकली आणि जिना धरला. तिनं ती अर्धी घडी खुर्चीच्या पाठीवर टाकली आणि देवाचं नाव घेतलं. लग्न झाल्यापासून तिनं देवाचं नाव सर्वांत जास्त वेळा घेतलं असेल तर ते मास्तर काम अर्ध्यावर टाकून उठले तेव्हा. त्या दृष्टीनं पाहिलं तर तिच्या पुण्याईतला निम्मा वाटा मास्तरांना मिळायला हवा. त्यांनी तो मागितलाही असता, पण मागण्याचं कामही त्यांनी अर्ध्यावर सोडलं असतं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, कात्रीचे. रस्त्याच्या कोपऱ्यावर घराच्याच तळमजल्यावर त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं आणि सारी गल्ली त्यांना मास्तर म्हणायची. कापड कापण्यात त्यांचा हात असा की शेवटी टेबलावर जी चिंधी उरे, तिच्यात चिमणीचं झबलंही झालं नसतं. दोन सदऱ्यांचं कापड घेऊन आलेला माणूस दोन सदरे आणि वर एक रुमाल घेऊन परत जायचा. शिंप्याकडे दिलेलं कापड उरून परत येतं हे लोकांना खरं वाटत नसे; काहींनी तर घरी जाऊन सदरा आखूड झालाय का ते मोजून पाहिलं होतं. मास्तरांचं म्हणणं एकच. देवानं वस्तू दिली ती वापरायला दिली. तिचा वीतभर तुकडा जरी नुसता पडून राहिला, तरी तो देणाऱ्याचा अपमान.

पुढे लोक तयार कपडे घेऊ लागले, मास्तरांना सुईत दोरा ओवताना चष्म्यावर चष्मा लावावा लागू लागला, आणि दुकान बंद झालं. पण हात बंद झाले नाहीत. मग काय, घरातल्या वस्तूंवर संक्रांत आली. रेडिओला खोळ झाली, पंख्याला खोळ झाली, छत्रीला खोळ होतीच तर त्या खोळीला एक पिशवी झाली. दूरदर्शनच्या रिमोटला असा घट्ट अंगरखा बसला की आवाज वाढवायला गेलं की वाहिनी बदले. घरात उघडं म्हणून राहिलं ते फक्त मास्तरांचं टक्कल.

घरात इंटरनेट आलं तेव्हा लेक शिकायला बाहेरगावी होती. दुकानाच्या खोलीत नेटची पेटी बसली आणि तिथून माडीवर वायर न्यायची होती. एक लेकीच्या खोलीतल्या, ती सुटीत घरी आली की लागणाऱ्या कॉम्प्युटरला, आणि दुसरी तिच्या आईच्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरला, कारण आई रोज पहाटे प्रवचन ऐकते आणि त्यात ती खंड पडू देत नाही. मास्तरांनी ते काम कोणालाही हात लावू न देता स्वतः केलं. आणि वायर अशी उघडीवाघडी जिन्यावरून गेलेली त्यांना बघवेना, म्हणून तिला राखाडी कापडाची लांबलचक खोळ शिवली, कडेनं निळी गोट लावून. ती खोळ जिन्याच्या कठड्याला धरून वर जायची. खाली आणि वर, दोन्ही टोकांना, तिला दोन दोन पाय फुटले होते. एक पाय लेकीचा, एक पाय आईचा. हुबेहूब विजार. फक्त दोन्हीकडून पाय असलेली. शेजारपाजारचे मुद्दाम पाहायला आले होते. "मास्तर, हिला खिसा नाही ठेवलात?" असं एकानं विचारलं, तेव्हा मास्तर खरोखरच क्षणभर विचारात पडले होते.

आता मास्तर माडीवर पोचले तेव्हा लेक गालावर हात ठेवून पडद्याकडे बघत बसली होती. पडद्यावर एक हिरवी पट्टी होती आणि ती पट्टी हलत नव्हती असं नाही. गोगलगाय जशी हलत नाही असं म्हणता येत नाही, तशी हलत होती.

"किती राहिलं?" मास्तरांनी विचारलं.

"मघाशी दोन तास म्हणत होतं. आता तीन म्हणतंय."

"म्हणजे उलटं चाललंय का?"

"मशीनलाच माहीत, बाबा."

लेकीचं काम असं होतं. घरी बसून शिकणाऱ्या मुलांसाठी एक कंपनी भूमितीचे धडे करते. ते धडे ही करायची. कागदाला घड्या घालून कोन, त्रिकोण, वर्तुळ असं काय काय हातांनी करून दाखवायचं आणि त्याचं चित्रीकरण करायचं. त्यासाठी बंद पडलेलं दुकान तिला फार सोयीचं झालं. कापण्याचं मोठं टेबल होतं, आणि भिंतींना लावलेल्या फळ्यांवर उरलेले तागे होते, त्यामुळे आवाज घुमत नसे. खाली एक छोटा, आवाज न करणारा कॉम्प्युटर ठेवला होता, कॅमेऱ्यातलं सगळं त्यात उतरायचं. मग ते वरच्या मोठ्या कॉम्प्युटरवर आणून तिथे कापाकापी आणि जोडाजोडी. मोठा कॉम्प्युटर खाली ठेवता येत नव्हता, कारण तो पंखा लावून घोरतो, आणि ते घोरणं थेट धड्यात उतरतं. एकदा उतरलंही होतं. कंपनीचा साहेब म्हणाला होता, मागे कोण झोपलंय.

मास्तरांना या कामाचा आतून फार अभिमान होता. वर्षानुवर्षं ज्या टेबलावर त्यांनी कापड कापलं, त्याच टेबलावर लेक कागद घडी घालते आणि दुकानात पुन्हा दिवा लागतो. पण अभिमान तोंडावाटे बाहेर काढायची त्यांना सवय नव्हती. "टेबल जरा पुसून ठेवत जा," एवढंच ते म्हणायचे.

अडचण होती ती खालून वर येण्याची. धडा मोठा, चित्र स्वच्छ हवं म्हणून आणखी मोठं, आणि दुकानातून माडीवर यायला त्याला अख्खी दुपार लागायची. माणूस एवढ्या वेळात दुसऱ्या गावी जाऊन जेवून परत येईल. लेकीचा एकेक धडा उशिरा जाऊ लागला. शेवटी साहेबानं सांगितलं होतं, की शनिवारी संध्याकाळपर्यंत राहिलेले दोन्ही धडे मिळाले तर ठीक. नाहीतर सोमवारपासून इकडे कंपनीत येऊन बसा, इथे सगळं वेगानं चालतं, राहायला खोलीही देतो. कंपनी दूरच्या शहरात होती. शनिवार आजच होता.

त्यावर मास्तर आठवडाभर म्हणत होते, "जा की. आम्हालाही घर मोकळं होईल." आणि तिला न्यायला म्हणून त्यांनी एक प्रवासाची पिशवीही शिवायला घेतली होती. जो माणूस लग्नाचे डझनभर कपडे एका दमात शिवायचा, त्याची ती पिशवी आठ दिवस झाले तरी बंदांपर्यंत आली नव्हती. रोज दोन टाके घालायचे आणि तीन उसवायचे. बायको एकदा म्हणाली, "लेकीच्या धड्यापेक्षा तुमची पिशवी सावकाश चाललीय. तिच्यातही नेट घातलंय का?" मास्तर म्हणाले कापड नीट बसत नाही. ते कापड त्यांनी स्वतः निवडलेलं होतं.

आता लेक म्हणाली, "सगळं करून बघितलं, बाबा. काय राहिलं तेच कळत नाही."

आणि तिनं खरंच सगळं करून पाहिलं होतं. आधी तिला वाटलं धडाच फार मोठा आहे, म्हणून लहान लहान तुकडे करून पाठवले. तुकडे तेवढेच रखडले, फक्त आता रखडणारे संख्येनं वाढले. मग बिनवायरीचं करून पाहिलं, ते तर माडीवर पोचता पोचता दमून बसायचं. मग छोट्या डिस्कवर धडा भरून ती डिस्क हातानं वर नेऊ लागली, तेव्हा आई म्हणाली होती, "बरं झालं, जिना काय कामाचा ते तरी कळलं." पण भरायला एकदा वेळ आणि रिकामी करायला पुन्हा वेळ, आणि चौथ्या दिवशी डिस्क जिन्यात हातून निसटली. तेव्हापासून ती आतून कुरकुरते. नवी मागवली होती, ती सोमवारी येणार होती. मग खालच्या पेटीवर संशय आला, म्हणून पेटी बदलून झाली. नव्या पेटीवर प्रत्येक वायरीसाठी एक दिवा होता. वेग चांगला असला की हिरवा लागतो आणि बेताचा असला की नारिंगी, असं लेकीनं घरात सर्वांना समजावून सांगितलं होतं. माडीकडे जाणाऱ्या वायरींचे दोन्ही दिवे नारिंगी होते.

"नारिंगी म्हणजे वाईट का?" आईनं तेव्हा विचारलं होतं.

"वाईट नाही. दहापट हळू."

"मग माझं प्रवचन कसं नीट येतं?"

"आई, तुझे महाराज मुळातच सावकाश बोलतात."

आज सकाळी लेकीनं शेवटचा उपाय म्हणून दुकानातला छोटा कॉम्प्युटर उचलून माडीवर आणला, मोठ्याच्या शेजारी ठेवला आणि हातभर वायरीनं दोघं जोडले. पहिला धडा बघता बघता इकडून तिकडे गेला. लगेच छोटा परत खाली नेऊन तिनं दुसऱ्या धड्याचं चित्रीकरण केलं. पण या चढउतारात त्याची पॉवरची पिन हलली होती. आता तो जरा सरकवला की बंद पडत होता. पुन्हा उचलायची सोय नव्हती, आणि मोठा खाली आणायचा म्हटलं तर तोही असाच बिघडायची धास्ती होती. दुसरा धडा आता खालून निघाला होता आणि तोच हा रखडलेला.

"म्हणजे दोन्ही कॉम्प्युटर चांगले," ती म्हणाली. "पेटी नवी. राहिली मधली वायर."

"वायरीला काही झालेलं नाही," मास्तर म्हणाले.

"तुम्हाला काय माहीत?"

"मी ओढलीय ती."

"म्हणून ती चांगली?"

परवा नेटचा मेकॅनिक येऊन गेला तेव्हाही हेच झालं होतं. तो पोक्त माणूस होता, पानाचा डबा बाळगल्यासारखी हत्यारांची पेटी सांभाळणारा. त्यानं दिवे पाहिले, टोकं पाहिली आणि म्हणाला, "काका, ही खोळ काढावी लागेल. आत वायर कुठे दबली असेल तर दिसेल तरी."

"खोळ आहे म्हणून तर वायर शाबूत आहे," मास्तर म्हणाले.

"पण मला वायर बघायचीय."

"टोक दिसतंय ना? जसं टोक तशी वायर."

मेकॅनिक बराच वेळ त्या निळ्या गोटेकडे बघत राहिला. मग "दोन्ही वायरी नव्यानं टाका," असं सांगून निघाला. जाता जाता दारात म्हणाला, "काका, माझ्या हत्यारांच्या पेटीला अशी एक शिवून द्याल का?" मास्तरांनी माप घेऊन ठेवलं होतं.

"नवी टाकू या ना मग," लेक म्हणाली. "आत्ता बाजारातून आणते. दोन वायरी."

"खोळ उसवावी लागेल."

"उसवू."

"उसवू म्हणजे? अख्खी गोट हातानं घातलीय मी."

"बाबा, मी सोमवारी जायचं की नाही जायचं ते या वायरीवर आलंय, आणि तुम्ही गोट धरून बसलाय."

मास्तरांनी खिशातून मोजपट्टी काढली आणि उगीच टेबलाची कड मोजली. काही सुचेनासं झालं की ते काहीतरी मोजतात. टेबल जेवढं काल होतं तेवढंच भरलं.

खरं सांगायचं तर सकाळपासून, म्हणजे दोन कॉम्प्युटर शेजारी ठेवल्यावर तो धडा झपकन गेला तेव्हापासून, मास्तरांच्या मनात एक गोष्ट टोचत होती. शिवताना बोटात राहिलेली टाचणी कधी कधी संध्याकाळी टोचू लागते, तशी. पण ती गोष्ट चूक आहे असं त्यांना अजूनही पटत नव्हतं. उलट ती आपल्या हुशारीची आहे असंच त्यांना इतकी वर्षं वाटत आलं होतं. त्यामुळे ते मूग गिळून बसले.

इकडे खाली बायकोनं चहाचं आधण ठेवलं आणि चादरीकडे एकवार पाहिलं. एकटीनं घडी घालून पाहिली, ती वाकडी आली. "देवानं माणसाला दोनच हात दिले," ती स्वतःशी म्हणाली, "तेही एकाच बाजूला." मग ती मास्तरांना बोलावायला जिना चढू लागली. गुडघे दुखतात म्हणून ती कठडा घट्ट धरून चढते. कठड्याला धरूनच ती खोळ होती. तिचा हात खोळीवरून सरकत वर चालला.

अर्ध्या जिन्यावर ती थांबली. एक पायरी खाली उतरली. पुन्हा चढली. खोळ चिमटीत धरून दाबली.

शिंप्याच्या बायकोची बोटं ती. तिनं उभं आयुष्य मास्तरांच्या शिवणी इस्त्री केल्या होत्या. अस्तर दुहेरी आहे की एकेरी, खांद्यात भर घातलीय की नाही, हे तिला डोळे मिटून कळायचं.

"अहो," तिनं हाक मारली.

मास्तर जिन्याच्या तोंडाशी आले. "काय?"

"ही विजार दोन पायांची ना?"

"हो."

"एक पाय हिचा, एक माझा."

"मग?"

"मग कमरेत एकच माणूस कसा काय लागतोय हाताला?"

लेक त्यांच्या मागून पुढे आली. आई अजून खोळ दाबूनच उभी होती. "ये, तू बघ," ती म्हणाली. "खाली फाटा फुटतो तिथे दोन लागतात. वर फुटतो तिथे दोन. मधे सगळीकडे एक. बरं, फाट्यापाशी शिवण दुहेरी घातलीय. हे कधी दुहेरी शिवण घालतात माहितीये का? आतला जोड लपवायचा असला की. माझ्या शालूच्या वेळी—"

"शालूचं आत्ता काढू नकोस," मास्तर म्हणाले.

"बाबा," लेक म्हणाली, "आत किती वायरी आहेत?"

"एकच."

"आणि टोकं चार?"

मास्तर पायरीवर बसले. मग सांगू लागले, आणि सांगताना त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, गिऱ्हाइकाला कापड कुठे कसं बसवलं ते समजावताना असायचा तसा. "तेव्हाचा नेटवाला मला म्हणाला होता, मास्तर, या वायरीच्या पोटात आठ तारा असतात, पण चारच काम करतात. बाकीच्या चार नुसत्याच. मी विचार केला, आठातल्या चार नुसत्या पडून राहायच्या आणि मी दुसरी अख्खी वायर आणायची? तिच्यातल्याही चार पडून राहायच्या? म्हणजे दोन वायरीत मिळून एक वायर वाया. म्हणून एकाच वायरीची दोन टोकं काढली. चार तारा तुला, चार तुझ्या आईला. कोणाला कमी नाही, कोणाला जास्त नाही. आणि दोन्हीकडे चाललं की. इतकी वर्षं चाललं."

लेकीनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. मग तिचे खांदे हलू लागले. मास्तरांना वाटलं ती रडतेय. ती हसत होती.

"बाबा, चार तारांवर चालतं, पण सावकाश. वेग पाहिजे तर आठही लागतात. चारांवर नारिंगी. आठांवर हिरवा."

"हे त्यानं सांगितलं नाही."

"तेव्हा कोणाकडे एवढे मोठे धडे होते? तेव्हा चार पुरत होत्या."

"तेच तर मी म्हणतोय," मास्तर म्हणाले. "तेव्हा बरोबरच होतं."

"बरोबर होतं तर दुहेरी शिवण कशाला घातली?" बायकोनं विचारलं.

माणूस देवापासून लपवेल, पण इस्त्री करणाऱ्यापासून काय लपवणार.

खाली आधण उतू गेल्याचा आवाज आला. आई लगबगीनं उतरली आणि उतरता उतरता म्हणाली, "चुलीवरचं मी बघते. तुम्ही उसवा."

मास्तरांनी कात्री आणली. मोठी नव्हे, टाके कापायची छोटी. लेक म्हणाली, "मी करू?" त्यांनी नकारार्थी मान हलवली. स्वतःची शिवण दुसऱ्याच्या हातून उसवून घ्यायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. वरच्या फाट्यापासून त्यांनी सुरुवात केली. एकेक टाका कात्रीच्या टोकावर उचलायचा, कापायचा, दोरा बोटाला गुंडाळायचा. एरवी लेक म्हणाली असती की ओढा की खसकन. पण ती गप्प बसून बघत राहिली. गोट अखंड निघाली. ती त्यांनी गुंडाळून खिशात ठेवली. वाया थोडीच जाणार होती.

आतून ते जोड बाहेर आले. आठ रंगीत तारा, चार इकडे, चार तिकडे, प्रत्येक जोडावर त्याच रंगाचा दोरा गुंडाळलेला. हिरव्यावर हिरवा, तपकिरीवर तपकिरी, पांढऱ्यावर निळी रेघ होती तिथे पांढऱ्या दोऱ्यावर निळ्याचे टाके.

"एवढं कशाला?" लेकीनं हळूच विचारलं.

"उद्या कोणी उघडलं तर कळायला नको का कुठली कुठे जाते?"

"उघडायचं नव्हतं ना पण?"

"म्हणून काय आत गबाळं ठेवायचं?"

आता प्रश्न असा होता. आठही तारा एका प्लगात घातल्या तर लेकीला पुरा वेग मिळेल. पण मग आईच्या खोलीत काहीच जाणार नाही. मास्तर तारा हातात धरून बसले. वाटण्या त्यांनी आयुष्यभर केल्या होत्या, कापडाच्या, भाकरीच्या, दोघींमध्ये कधी डावंउजवं केलं नव्हतं. सगळंच्या सगळं एका बाजूला देऊन दुसरीला रिकामं ठेवायचं, हे त्यांच्या हाताला ठाऊकच नव्हतं.

आई चहा घेऊन वर आली तेव्हा ते तसेच बसलेले होते. तिला सांगावं लागलं नाही. कप खाली ठेवून ती म्हणाली, "माझ्या चार तिला द्या."

"तुझं पहाटेचं?"

"उद्या पहाटेचं उद्या बघू."

"एक दिवसही चुकवलं नाहीस तू."

"प्रवचनात रोज काय सांगतात ते ऐकता का तुम्ही कधी? आपल्या वाट्याचं दुसऱ्याला देऊन पाहा, असं सांगतात. इतकी वर्षं नुसतं ऐकलं. द्यायला काही होतं कुठे माझ्याजवळ? या चार तारा निघाल्या." मग म्हणाली, "आणि तुम्ही पिशवी शिवत बसलात तर ती पुरी व्हायची नाही, आणि हिला बिनबंदांची घेऊन जावं लागेल. ते मला चालणार नाही."

मास्तरांनी चष्म्यावर चष्मा चढवला.

प्लग दाबायची पक्कड आणि तेव्हाचे उरलेले प्लग त्यांच्याकडे होतेच. एकदा आणलेली वस्तू ते कधी टाकून देत नाहीत. जोड कापून टाकले. आठ तारा सरळ केल्या. लेक क्रम वाचून दाखवू लागली, "पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी," आणि ते सुईत दोरा ओवावा तशा एकेक आत सरकवू लागले. वरचं टोक झालं, ते लेकीनं मोठ्या कॉम्प्युटरला लावलं. मग तिघं खाली दुकानात आले. मास्तरांनी खालचा फाटा उसवला, तिथलंही टोक केलं, आणि लेकीनं ते पेटीत बसवलं.

दिवा नारिंगी लागला.

मास्तरांनी मोजपट्टी काढायला खिशात हात घातला. लेकीनं प्लग काढून डोळ्यांसमोर धरला. "बाबा, ही तपकिरी आत पुरी गेली नाही."

"गेली."

"नाही गेली. बघा."

मास्तरांनी बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कापलेलं काहीतरी आखूड पडलं होतं. कारण उघड होतं; तार वाया जाऊ नये म्हणून त्यांनी टोक अगदी बेतानं कापलं होतं. ते पुन्हा बसले, पुन्हा कापलं, आणि या वेळी बोटभर जास्त धरलं. किती जास्त धरलं ते त्यांनी बायकोला दिसू दिलं नाही.

प्लग बसला. दिवा आधी काहीच लागेना, मग लुकलुकला, मग हिरवा झाला.

वर हिरवी पट्टी आता अशी पळत होती की आईनं पुन्हा केलेला चहा पिऊन व्हायच्या आत धडा वर येऊन बसला. लेक कापाकापीला बसली. ऊन भिंतीवरून खाली आलं तेव्हा तिनं दोन्ही धडे साहेबाला पाठवले आणि खाली येऊन फोनकडे बघत बसली. आई जपमाळ घेऊन खुर्चीत बसली, पण तिची माळ एका मण्यावरच थांबली होती. मास्तर मेकॅनिकच्या पेटीची खोळ बेतायला बसले आणि खडूनं एकच रेघ तीनदा ओढून पुसली.

फोन वाजला नाही, नुसता थरथरला. लेकीनं वाचलं.

"काय म्हणतो?" मास्तरांनी मान वर न करता विचारलं.

"मिळाले म्हणतो. चित्र स्वच्छ आहे. पुढचे चार धडे पाठवतो म्हणतो."

"सोमवारचं?"

"सोमवारचं काही लिहिलं नाही. उलट विचारतोय, पुढचे बुधवारपर्यंत घरून जमतील का."

"मग काय सांगणार?"

"सांगितलं पण. जमतील."

"बरं," मास्तर म्हणाले. "टेबल पुसून ठेवत जा."

बायको उठली. तिनं खुर्चीच्या पाठीवरची चादर घेतली, दोन टोकं मास्तरांच्या हातात दिली आणि स्वतः मागे सरकली. दोघं एकमेकांकडे चालत आले, टोकाला टोक लावलं, पुन्हा मागे गेले, पुन्हा पुढे आले. घडी सरळ पडली.

"आता माझं प्रवचन," ती म्हणाली.

"उद्याच्या पहाटेला येईल. आणतो वायर."

"अख्खी आणा."

"अख्खीच मिळते."

"मिळते अख्खीच. घरी आल्यावर तिचं काय होतं तेच विचारतेय."

मास्तरांनी मोजपट्टीनं पेटीपासून जिन्यावरून तिच्या खोलीपर्यंतचं अंतर मोजलं. "दोन हात जास्त घ्या," बायको जिन्याखालून म्हणाली. ते क्षणभर अडखळले, मग माप लिहिताना त्यांनी खरंच दोन हात वाढवले. वायर कशात आणायची म्हणून इकडेतिकडे पाहिलं, तर समोर ती प्रवासाची पिशवी होती, बंद न लावलेली. तिला आता घाई नव्हती. ती काखेत मारून, वायरीचं दुकान बंद व्हायच्या आत, मास्तर बायकोच्या खोलीसाठी नवी वायर आणायला निघाले.